वडगावच्या तुकड्याचा भाव

शिरूर, १२ जानेवारी २०२५

चि. ईश्वरास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर आपण दोघंही ओरडतो, म्हणून लिहिते. कवठे येमाईची आपली झेंडूची जमीन विकायला तुला माझी सही हवी आहे. त्या पैशांत वडगाव रासाईचा नदीकाठचा तुकडा घ्यायचा आणि वर्षाने दुपटीला विकायचा, एवढं समजलं. तो दुपटीला जाईल हे तुला कोणी सांगितलं, ते समजलं नाही.

गेल्या रविवारी मी आणि तुझे दाजी तो पाहून आलो. रस्ता नाही. दुसऱ्याच्या उसातून, बांधाने गेलो. बाभळींच्या फांद्यांत पुराने आणलेला पाचोळा माझ्या डोक्याच्याही वर अडकलेला आहे. तू म्हणे एजंट हनुमंतच्या गाडीतून, उसाच्या अलीकडूनच, काच खाली न करता पाहिलास. दुकानात गिऱ्हाइकाला साधा स्क्रू देताना तू तो उजेडात धरून बघतोस. जमीन मात्र एसीत बसून घेतोस.

माझंच चुकतंय का, हेही स्वतःला विचारलं. तुझा धंदा वाढला, मी त्याच कॉलेजात, हेवा असेल. डायरीत तसं लिहिलंही. पण माझ्या हेव्याने बाभळीवर पूर चढत नाही.

शितलच्या साखरपुड्याचे फोटो छान आलेत, लेकीला सांग. लोभ आहे, असल्या व्यवहारांनी तो तपासू नकोस.

तुझी,
सुवर्णाताई

भांडगाव, १८ जानेवारी

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पावलं. शिकवणाऱ्यांना पाचोळा दिसतो, दुकानदाराला भाव. तिथे गुंठ्याला तीन लाख चालू आहे. मी एका तोंडावर विश्वास ठेवणारा नाही. हनुमंत तीन म्हणाला. भामाआत्या तीन म्हणाली. शितलचे होणारे सासरे बबनराव तर वडगावचेच. तेही म्हणाले, तीनाच्या खाली कोण देतंय. तिघं तीन ठिकाणचे, आकडा एकच. आणखी कसली खात्री करायची असते?

आत्याने निरोप दिलाय, की सुवर्णीला विचार, झेंडू विकून कुणी बंगला बांधलाय का. हनुमंत महिनाअखेरपर्यंत थांबेल. सही करायला ये, शितलची आई मासवड्या करणार आहे. राग धरू नकोस, धरलास तरी ये.

तुझा,
ईश्वर

शिरूर, २९ जानेवारी

चि. ईश्वरास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या तिघांकडे जाऊन आले. या भावाने प्रत्यक्ष कोणी जमीन घेतली, असं विचारलं. एकही नाव निघालं नाही. मग हा भाव तुम्हाला कोणी सांगितला, ते विचारलं. हनुमंत म्हणाला, खुद्द बबनराव बोलले, तवा खोटं कसं असंल. बबनराव म्हणाले, साखरपुड्यात भामाबाई बोलल्या, आमच्या जमिनीचा भाव आमालाबी तवाच कळला. आत्या माझ्यावरच डाफरली, की अगं ईश्वरच म्हणत हुता की मांडवात, पोरगी तीन लाख गुंठ्याच्या गावात चालली म्हणून!

ईश्वर, ही तुझीच थाप आहे. व्याही मोठे दिसावेत म्हणून तू ती पाहुण्यांत सोडलीस. ती तीन घरं फिरून परत आली, तेव्हा तू तिला ओळखलंसुद्धा नाहीस. साखरपुड्यात आपल्याकडे सगळेच भाव फुगवतात, आणि ऐकणारे मनातल्या मनात निम्मे करून घेतात. स्वतःचंच बोलणं पुरतं खरं धरणारा मी पहिलाच पाहिला.

सही होणार नाही. बाकी सगळं तसंच आहे, मायासुद्धा.

ताई

भांडगाव, ६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र गल्ल्यावर बसून वाचलं. बोललो होतो, खरं आहे. बोलताना मलाही पटलं होतं.

हनुमंतला नको म्हणून कळवलं. तो हसला, म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. कोण, तर बबनराव! मग मी वडगावला गेलो. त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं, की ही थाप माझी, तुम्ही यात पडू नका. त्यांनी चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पाव्हणं, तुमालाच तुकडा पायजे तर सरळ बोला की, आमाला भ्या कशाला दावताय. त्याच दिवशी त्यांनी विसार दिला. बाकीच्या पैशांसाठी घरामागचं कांद्याचं रान विकायला काढलंय.

आता हनुमंत सांगत फिरतोय, की भाव खरा झाला, त्या भावाने माणसाने जमीन घेतलीय. ताई, एका अर्थी माझंच बरोबर निघालं. असो. तुझी माया कमी होऊ नये एवढंच.

ईश्वर

शिरूर, १० फेब्रुवारी

चि. ईश्वरास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी मला बरंच वाटलं, की फसले ते, आपण नाही. एकटीच हसले. मग ध्यानात आलं, की ‘ते’ म्हणजे वैशाखात शितल ज्या घरात जायची ते घर. त्या घराला कांद्याच्या रानाचाच आधार आहे. ते गेलं, की उरेल पुरातला तुकडा आणि तुझी थाप. तुला नावं ठेवता ठेवता मी हसत होते याची लाज वाटली.

तुझं बरोबर निघालं म्हणतोस, ते शितलसमोर म्हणून दाखव. तिला सगळं लग्नाआधी कळलं पाहिजे. त्या घरात जायचं की नाही, ते तिचं तिने ठरवावं. शनिवारी पहिल्या एसटीने येते. सांगायचं तू. मी मध्ये बोलणार नाही, आणि तुला उठूही देणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई