नवापूरच्या पेटीबाबत आणि माझ्या इतर चीजवस्तूंबाबत

मी, भगवंत जनार्दन चुरी, वय वर्षे बहात्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार केळवे, तालुका पालघर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. उजवा डोळा अधू आहे, बुद्धी शाबूत आहे. चौथीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता मला अजून चालीवर म्हणता येतात. ज्याला माझ्या शुद्धीची शंका असेल त्याने येऊन ऐकाव्यात. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर, मागची सुपारीची वाडी आणि पोस्टातील शिल्लक माझी पत्नी चंद्रकांता हिची. तिच्या हयातीत तिला घरातून कोणी उठवू नये. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्या पेट्यांवरची धूळ पुसत आली आणि एकदाच म्हणाली, "लोकांच्या नवऱ्यांना बाटलीचा नाद, तुम्हाला रिकाम्या डब्यांचा. माझं बरं चाललंय म्हणायचं." या एका वाक्यासाठी मी तिचा जन्माचा ऋणी आहे.

कलम २. पेट्यांची हकीकत लिहिल्याशिवाय पुढची कलमे कोणाला उमगणार नाहीत, म्हणून लिहितो.

तारापूरचे बेहरामजी शेठ यांना जुन्या विलायती पिस्तुलांचा शौक होता. शंभर-सव्वाशे वर्षांची, ठासून भरायची पिस्तुले. शेठकडे रीतसर परवाना होता. अशा प्रत्येक पिस्तुलासोबत कारागीर एक लाकडी पेटी देत असे. आत मखमल, आणि मखमलीत पिस्तूल, दारूची कुपी, गोळ्यांचा साचा, ज्याच्या त्याच्या मापाचे खड्डे. शेठकडे पिस्तुले होती, पेट्या नव्हत्या. पेट्या आमच्या लोकांकडे होत्या. कधीकाळी हत्यारे जमा करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा ज्यांच्याकडे होती त्यांनी पिस्तुले निमूट नेऊन दिली आणि पेटी घरी ठेवून घेतली. पेटी जमा करा, असे हुकमात कुठे म्हटले नव्हते. जमा झालेली पिस्तुले पुढे लिलावांतून शेठकडे आली.

शेठनी मला हे सांगितले तेव्हा मला ते यमकासारखे वाटले. पहिला चरण म्हणून झाला आहे आणि दुसरा कोणाच्या तरी माळ्यावर पडून आहे. तो मिळेपर्यंत कानाला चैन नाही. जुन्या नकाशांच्या पुठ्ठ्यातून मी प्रत्येक पिस्तुलाचा आकार कापून घेतला आणि ते आकार पिशवीत घालून वीस वर्षे हिंडलो. पालघरच्या एका कारकुनाकडच्या पेटीत घरच्यांच्या कुंडल्या होत्या. केळव्याच्या न्हाव्याकडच्या पेटीत वस्तरे होते. पुठ्ठा खड्ड्यात बसला की पेटी शेठकडे न्यायची. मग पिस्तूल आत ठेवून, झाकण लावून पेटी कानाशी हलवायची. आवाज आला तर पेटी परकी. नाही आला तर त्या पिस्तुलाचीच, आणि अशी पेटी शेठ माझ्याकडेच सांभाळायला देत. या सगळ्या मंडळींनी पेट्या हसत दिल्या. त्यांचे उपकार मी इथे नोंदवून ठेवतो.

कलम ३. कारकुनाची आणि न्हाव्याची अशा दोन पेट्या मुंबईच्या एका परवानेदार व्यापाऱ्याला विनामूल्य द्याव्यात. शेठ गेल्यावर त्यांची पिस्तुले याच गृहस्थाने घेतली, तेव्हा पेट्या तिथे जाणे न्यायाचे आहे. अट एकच, आतली मखमल बदलू नये.

कलम ४. विश्राम, माझा पुतण्या. त्याने माझ्याकडच्या आणखी एका, तिसऱ्या पेटीतली विटकी हिरवी मखमल खरवडून काढली आणि तिथे लग्नातल्या लाल शेल्याची जरी सरसाने चिकटवली. पेटी छान दिसावी, काकांना आनंद व्हावा, हा हेतू. पेटी त्याच दिवशी मेली. मी त्याच्याशी दोन वर्षे बोललो नाही, हे जरा जास्तच झाले. चंद्रकांतेच्या पश्चात घर आणि वाडी त्याची. सरसाचे भांडे मात्र आजच न्यावे, माझ्या डोळ्यांसमोर नको.

कलम ५. नवापूरची पेटी. या कलमासाठीच मी कागद हाती घेतला.

शेठकडे एक जुळी जोडी होती. त्यांच्या सगळ्या संग्रहात तिच्यावर त्यांचा जीव. तिची पेटी काही केल्या सापडेना. त्या सुमारास मी नवापूरच्या शाळेवर होतो. मी चौथीला निबंध घातला: "आमच्या घरातील जुनी पेटी". हे मास्तरला शोभणारे नव्हते, कबूल करतो. जमनाबाई पागधरे या मासळी विकणाऱ्या बाईंच्या लेकीने, ठमीने, लिहिले होते, "आमच्या पेटीत देव निजतात. देवांना खड्डे हायत." मी पाटी-खडू ठेवून तडक तिच्या घरी गेलो.

दोन पिस्तुलांच्या दोन खड्ड्यांत लाल कापडात गुंडाळलेले चांदीचे टाक निजले होते. माझे पुठ्ठे तंतोतंत बसले. झाकणाच्या आतल्या कारागिराच्या चिठ्ठीवर कुंकवाचा जाड थर होता. नाव वाचायच्या घाईत मी धोतराचा सोगा ओला करून तो पुसला. नाव जुळले. मी आनंदाने वर पाहिले तर जमनाबाई पांढऱ्या पडलेल्या. म्हणाल्या, "मास्तर, माज्या सासूच्या बोटांचं कुंकू होतं ते. आता ती हाय कुठं परत लावायला?"

पुढे अकरा वर्षे मी वर्षातून एकदा पेटी मागायला नवापूरला जाई आणि सुके बोंबील घेऊन परत येई. बोंबील त्या फुकट देत, पेटी नाही.

अठ्ठावन्न साली शेठनी अंथरूण धरले. मी ही गोष्ट बोलता बोलता जमनाबाईंच्या कानावर घातली, मागितले काहीच नाही. त्यांनी देव धुतलेल्या नव्या बांबूच्या पाटीत ठेवले आणि पेटी माझ्या हाती दिली. "शेठ हायत तवर. मग आमच्या देवांचं घर आणून द्या." शेठनी जोडी स्वतःच्या हाताने पेटीत निजवली, पेटी कानाशी हलवली आणि म्हणाले, "बोलते नाय, मास्तर. घरी आली." नवव्या दिवशी ते गेले.

पिस्तुले व्यापाऱ्याकडे गेली. जमनाबाईंना मी सांगितले की पेटीही सोबत गेली. ते खोटे होते. पेटी माझ्या पलंगाखाली होती आणि आठ वर्षे आहे. वीस वर्षांच्या हिंडण्याचे तेवढेच हाती उरले होते. संध्याकाळी झाकण उघडून वास घेई. आता व्यापाऱ्याचे तिसरे पत्र आले आहे की जोडीची पेटी जोडीकडेच यावी, आणि विश्रामलाही तेच पटते. नियमाने त्यांचे बरोबर आहे. पण ज्या घरी शब्द दिला, त्या घराचे देव पाटीत आहेत. सबब, माझ्या मृत्यूनंतर ही पेटी जमनाबाई पागधरे यांना परत द्यावी. इतर कोणाचाही तिच्यावर हक्क नाही.

कलम ६. माझ्या हातची कवितांची वही ठमीला. ती आता सालवडच्या शाळेत मास्तरीण आहे. मुलांना चाली शिकवाव्यात. निबंधाचे विषय जपून द्यावेत.

कलम ७. हे कलम आज लिहीत आहे. वरचा मजकूर वाचून दाखवायला मी जमनाबाईंना आणि ठमीला बोलावले होते. त्या एसटीने आल्या, देवांची पाटी मांडीवर घेऊन. पाचवे कलम मी शेवटपर्यंत वाचले. जमनाबाई म्हणाल्या, "ठमीनं कवाच बघितली होती पलंगाखाली. तुमच्या पाया पडाया आली होती तवा. मीच म्हटलं, ऱ्हाऊ दे. मास्तरांचं मन भरंल तवा देतील."

आठ वर्षे त्यांनी वाट पाहिली आणि मला कळू दिले नाही.

मी म्हटले, मृत्युपत्रात लिहिले आहे, मिळेल. त्या म्हणाल्या, "त्यासाठी तुमच्या मरणाची वाट बघत बसू व्हय? आमी कोली हाव, गिधाडं नाय. काढा ती."

मी पेटी काढली. त्यांनी टाक एकेक करून खड्ड्यांत निजवले, झाकणाच्या आत बोटाने कुंकू लावले आणि पेटी माझ्याकडे सरकवली. जुन्या सवयीने मी ती कानाशी नेऊन हलवली. आवाज आला नाही.

म्हणून पाचवे कलम मी रद्द करतो. त्यातली वस्तू आज दिली. पुठ्ठ्याचे आकार माझ्यासोबत जाळावेत.

वरील सर्व मजकूर मी समाधानाने, शुद्धीवर राहून लिहिला व पुन्हा वाचला.

सही: भगवंत जनार्दन चुरी

आमच्यासमोर सही केली:
१. चंद्रभान गोविंद सावे, केळवे
२. रामा दामोदर ठाकूर, केळवे
(जमनाबाईंना अंगठा उठवायचा होता; वही ठमीला मिळते आहे, म्हणून तिच्या घरच्यांची साक्ष नको, असे सावे म्हणाले. जमनाबाईंनी तो समासात उठवलाच. असू द्यावा.)

मुक्काम केळवे, दिनांक ११ डिसेंबर १९६६