कोरडी मांडणी

२ मार्च

नापसंत! सरळ ओळींची मांडणीसुद्धा नापसंत!

काल दिवसभर मी आणि गवंडी विटा मांडत होतो, आज दिवसभर उचलत बसलो. अण्णांनी खिडकीतून एकच वाक्य टाकलं — "शाळेच्या व्हरांड्यासारखं दिसतंय." झालं. वडील म्हणून मान द्यायचा की सुपरवायझर म्हणून सलाम ठोकायचा, हेच कळत नाही मला. खुबा मोडला, पाय गेल्यात जमा, चाकांची खुर्ची आली, पण आवाज अजून परांचीवरून खाली हाक मारायचा तसाच आहे.

त्यांची पद्धत म्हणजे पद्धत. आधी कोरडं मांडायचं. वाळूवर विटा नुसत्या ठेवायच्या, रात्रभर तशाच राहू द्यायच्या, सकाळी लांबून बघायचं. डोळ्यांना पटलं तर ठोकून पक्कं करायचं, नाही तर उचलायचं. चाळीस वर्षं साइटवर त्यांनी हेच केलं, आता माझ्या मानगुटीवर बसून करतायत.

आणि करार मीच करून बसले ना! मागच्या अंगणात विटांची फरशी झाली, खुर्ची चिखलात न रुतता तुम्हाला बाहेर बसता आलं, की मी जाणार. तेव्हा वाटलं, आठवड्याभराचं काम.

३ मार्च

गेल्या वर्षी कारखान्यातून "दोन महिन्यांची" रजा घेतली होती. माझ्या कटिंगच्या टेबलावर आता दुसरीच कोणी तरी उभी असते. मी जेवणाच्या टेबलावर लोकांचे ब्लाउज कापते, आणि मधूनच खिडकीच्या काचेवर काठी वाजते — टक टक. म्हणजे पाणी. टक टक टक — म्हणजे पंखा. नुसतं एकच टक म्हणजे काही नाही, मी कुठे आहे ते बघायचंय.

मैत्रिणीने नवा कारखाना काढलाय, तिकडे, एका रात्रीच्या प्रवासावर. "एक एप्रिलपासून कटिंग तुझ्या ताब्यात. पण त्यापुढे मी थांबू शकत नाही हं." बरोबर आहे तिचं. तिने का थांबावं?

नवा नमुना काढला. खाकी कागदावरच काढते, सवयच ती. दोन विटा आडव्या, दोन उभ्या, टोपलीच्या विणीसारखं. छान दिसतंय कागदावर.

५ मार्च

"चक्कर येते मला ते बघून."

मला नाही येत का चक्कर!

६ मार्च

उचलल्या. पाठीचे बारा वाजले.

८ मार्च

दादाचा फोन. आठवड्यातून एकदा तो मोठा भाऊ होतो, साधारण दहा मिनिटं. "अगं, करू दे त्यांना मनासारखं. काय राहिलंय आता त्यांच्या हातात?" फोनवरून फार समजूतदार असतो माझा भाऊ. मदतीची बाई त्यानेच ठरवून दिली, तेवढं मात्र खरं. ती बिचारी रोज विचारते, "ताई, मी नक्की कधीपासून?" काय सांगू तिला? विटांना विचार म्हणावं.

गवंडी हसत होता. "साहेबांच्या हाताखाली असतो तर पळून गेलो असतो बघा." मी म्हटलं, पळायला जागा दाखव, मीही येते.

१२ मार्च

आज मी अण्णांना फार बोलले.

तिरक्या काट्यांची मांडणी होती, एक वीट दुसरीच्या कुशीत शिरते ती. माझा जीव होता या नमुन्यावर. गवंडीसुद्धा कौतुक करत होता, आणि तो सहसा कौतुक करत नाही. रात्रभर ठेवलं. सकाळी अण्णा खिडकीशी आले. खूप वेळ बघितलं. फरशीकडे नाही, घराच्या भिंतीकडे, टोकाला, कुठे तरी. चहा निवला तरी बघतच होते.

मग म्हणाले, "उचला."

"का?"

"उचला म्हटलं ना!"

"पण काय वाईट आहे त्यात? सांगा तरी!"

आणि मग माझा बांध फुटला. "सरळ सांगा ना, मला जाऊ द्यायचं नाही म्हणून! विटांच्या आड कशाला लपता? ही फरशी होणारच नाही, मी सत्तर वर्षांची झाले तरी मांडतच बसेन!"

गवंडी हळूच फाटकाबाहेर गेला. अण्णांनी खुर्ची वळवली, भिंतीकडे तोंड करून बसले. जेवण परत केलं. मी पण जेवले नाही. दोघं सारखेच हट्टी, आई असती तर दोघांना फैलावर घेतलं असतं.

पण मी खोटं काय बोलले? या घरात मी खुर्चीच्या चौथ्या चाकासारखी झालेय. कुठे जायचं ते दुसऱ्याच्या हातात.

१३ मार्च

अबोला. काठीसुद्धा वाजत नाही. तेही सहन होईना, तीनदा जाऊन खोलीत डोकावले.

१५ मार्च

कळलं! कळलं, आणि आता काय करू ते कळत नाही.

गवंडी आज सुट्टीवर. मी एकटीच विटा उचलत होते. भिंतीलगतच्या शेवटच्या ओळीत गवंड्याने विटा तासून बसवल्या होत्या. नळाच्या बाजूला जवळजवळ अख्खी वीट, आणि पुढे पुढे बारीक होत दुसऱ्या टोकाला नुसती बोटभर चीप. मला हसूच आलं, म्हटलं, काय हा गवंडी! पण त्याची दोरी तर सरळ होती. काटकोन तपासायचा गुण्या तिथेच पडला होता, तो भिंतीच्या कोपऱ्यात लावून बघितला. एका बाजूने फट. पुन्हा लावला. पुन्हा फट.

दोरी तिरकी नाही. भिंत तिरकी आहे.

आणि ही भिंत अण्णांनी बांधली आहे. दुसऱ्या कोणी नाही, त्यांनी, स्वतःच्या हातांनी, सुट्टीच्या दिवसांत, मी शाळेत असताना. मी विटा मोजून द्यायचे त्यांना. येणाऱ्या प्रत्येक माणसाला अण्णा म्हणायचे, "या घरात एक रेघ वाकडी दाखवा, चहाऐवजी जेवण घालतो." अजूनही म्हणतात. परवा मदतीच्या बाईलासुद्धा म्हणाले.

इतकी वर्षं मातीच्या अंगणात ते कोणाला दिसलं नाही. आता भिंतीला सरळ रेघ टेकवली की भिंत बोंब मारून सांगते. ओळी, टोपली, काटे — काहीही मांडा.

मी खूप हसले आधी. मग पायरीवर बसून रडले. मी त्यांना काय काय म्हणाले परवा! आणि ते एक अक्षर बोलले नाहीत. तिरकी भिंत कबूल करण्यापेक्षा लेकीला कोंडून ठेवणारा बाप ठरणं परवडलं त्यांना. काय माणूस आहे हा!

१६ मार्च

एका खांद्याने उतरत्या गिऱ्हाइकाला कोणी सांगतं का, तुमचा खांदा उतरता आहे? नाही सांगत. त्या बाजूला थोडी भर घालते मी, शिवण जरा सरकवते, आणि माणूस आरशात बघून खूश होतो. वीस वर्षं हेच केलंय. मग भिंतीसाठी का नाही?

खाकी कागद काढला.

१८ मार्च

आज मीच अबोला मोडला. चहा घेऊन गेले, कागद पुढे ठेवला.

"अण्णा, फरशी भिंतीला टेकवायचीच नाही. मध्ये मातीचा पट्टा सोडू. झाडं लावू."

"किती रुंद?"

"नळापाशी दोन वीत. त्या टोकाला वीतभर."

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"एकसारखा का नाही?"

"झाडं कुठे एकसारखी वाढतात?"

बाहेर कोणाची तरी गाडी चालू होत नव्हती, ती घुरघुर आम्ही दोघं ऐकत बसलो. मग म्हणाले, "कधी कळलं?"

"रविवारी."

"तुझ्या आईला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कपाट भिंतीला लावताना. कागदाची घडी करून मागे सरकवली, आणि गप्प बसली ती कायमची." मग चहाचा घोट घेत, "डोळे तिचेच घेतलेस, कात्रे."

कात्री! लहानपणी मी पडदा कापला तेव्हापासूनचं नाव. वर्षभरात पहिल्यांदा काढलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "चहात साखर नाही." होती. मी आणखी घातली.

२१ मार्च

काल मांडलं, आज पास! तिरके काटेच. खिडकीतून ओरडले, "ठोका!" गवंडी माझ्याकडे बघतो, अण्णांकडे बघतो. "साहेब, नक्की?"

"बहिरा झालास का?"

२४ मार्च

झाली फरशी. खरोखर झाली!

अण्णांना बाहेर नेलं. खुर्ची अशी सरकली, जरासुद्धा अडखळली नाही. चाकाखाली बघत होते सारखे. मग फरशीच्या मधोमध थांबले, घराकडे तोंड केलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा स्वतःची खिडकी बाहेरून बघितली. "काच किती घाण आहे," म्हणाले. मदतीच्या बाईने हसून फडकं आणलं. उद्यापासून ती येणार. अण्णा तिला टक टकचे अर्थ समजावून सांगत होते. मी दारात उभी होते, मला कोणी हाक मारली नाही.

तिकीट काढलं. एकतीस तारीख.

२६ मार्च

गवंड्याला पुन्हा बोलावलं. सांध्यांतली वाळू खाली बसलीये असं मला वाटलं. त्याने भरली. म्हणाला, "एवढी बसतेच, ताई."

बाई चांगली आहे. अण्णा तिच्याशी पत्ते खेळतात, आणि हरले की माझ्यावर खेकसतात तसेच तिच्यावरही खेकसतात. ती उलट खेकसते! मला हे कधीच जमलं नाही.

२८ मार्च

मैत्रीण — "टेबल पुसून ठेवलंय. येतेयस ना नक्की?" नक्की, म्हटलं. नक्की म्हणजे नक्की.

कडेची ओळ मला जरा खाली गेलेली वाटते. गवंडी म्हणतो, नाही. पाण्याची बाटली आडवी ठेवून दाखवली त्याने. तरी एकदा उचलून बसव, म्हटलं. बसवली. अण्णा खुर्चीतून बघत होते.

३० मार्च

बॅग भरली. कात्र्या वेगळ्या कापडात गुंडाळल्या. अण्णांनी विचारलं, "शिवणाचा टेप घेतलास?" घेतलाय.

आता काही उरलेलं नाही.

३१ मार्च

गाडी सुटली असेल एव्हाना. अण्णा दोनदा म्हणाले, "निघ बाई, उशीर होतोय." बॅग दारात, रिक्षा फाटकाशी. मी म्हटलं, टोकाच्या दोन विटा हलतायत, तेवढ्या ठोकते आणि निघते.

हलत नव्हत्या.