बाबांच्या अंड्यातलं पिवळं

आये, देवगडच्या डॉक्टरीणबाईंनी मला रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरवायची गोळी लिहून दिली आहे. रात्री जेवणानंतर एक, आणि ती जन्मभर. पाकीट फ्रिजवर पडलं आहे, अजून एकही गोळी फोडलेली नाही. मरायची हौस आलेली नाही मला, इतकी काही मी खुळी झालेली नाही. पण त्या बाई जे बोलल्या ते ऐकल्यापासून तुझ्याशी भांडायचं राहून गेल्यासारखं वाटतंय. समोर असतीस तर चार शब्द ऐकवले असते आणि तू नेहमीसारखं "तू गप रव गो" म्हणून मला नारळ खवायला बसवलं असतंस. ते होणं नाही, म्हणून लिहिते.

बाबांना दुकानात छातीत कळ आली तो आंब्याचा हंगाम होता. पेट्या भरायला आलेल्या गड्यांनीच त्यांना टेम्पोत घातलं, आणि तिथून ते कोल्हापूरला गेले. परत आले ते निम्मे होऊन, आणि बरोबर डॉक्टरचा हुकूम घेऊन आले. अंड्यातलं पिवळं बंद, सुंगटं, म्हणजे डॉक्टरच्या कागदावरची कोळंबी, बंद, नारळ बंद, बिडी बंद. बिडी सुटायला पुढे दोन वर्षं गेली, कारण ती दुकानामागे ओढली जायची. नारळ मात्र तू एका दिवसात बंद केलास. मिठबावात, जिथे परसात माड उभे आहेत आणि नारळाच्या वाटपाशिवाय आमटी चुलीवर चढत नाही, तिथे तू नवऱ्यासाठी वेगळं पातेलं मांडलंस. त्यात बांगडा, तिरफळं, आमसुलं, मिरची आणि पाणी. बाबा ताटाकडे असे बघायचे की जणू कुणी त्यांच्या नावाने पिंड ठेवला आहे. "ह्या काय कालवाण?" म्हणायचे. तू म्हणायचीस, "जित्या माणसाचा कालवाण आसा, गिळा." आम्ही हसायचो. तुझ्या त्या खडूसपणाखाली किती भीती होती ते तेव्हा कुणाच्या लक्षात यावं?

सकाळी त्यांना उकडलेलं अंडं असायचं. तू ते सुरीने मधोमध कापून पिवळा गोळा अलगद काढायचीस आणि पांढऱ्या दोन वाट्या बशीत घालून त्यांच्यापुढे सरकवायचीस. तो गोळा मीठ लावून तू स्वतः खायचीस, चुलीपुढे उभ्याउभ्याच. मी एकदा म्हटलं, डॉक्टरने ज्याला विष म्हटलं ते तू कशाला खातेस? तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी देवाला नावं ठेवली. "कोंबडेन घातला हा, ता दर्यात टाकूचा? इष ह्येंका आसा, माका काय धाड भरली हा?" आणि हे नुसतं अंड्याचं नव्हतं. बाबांच्या ताटातून जे जे उठलं ते तुझ्या ताटात गेलं. त्यांच्या वाटणीची सुंगटं, त्यांच्या वाटणीची सोलकढी, सणाचे तळलेले वडे. आपल्याकडच्या बायका शेवटी जेवतात आणि उरलेलं संपवतात, यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. मलाही दिसलं नाही. घरात आजारी माणूस एकच होतं, हे आमचं सगळ्यांचं ठरून गेलेलं होतं.

त्याच पावसाळ्यानंतर तू मला घेऊन देवळात कौल लावायला गेलीस. घाटीच्या पायऱ्या चढताना तू मध्येच थांबलीस आणि म्हणालीस, "वहाणेत खडो गेलो गो, वायच थांब." वहाण काढलीस, झटकलीस, पुन्हा घातलीस. थोडं वर गेल्यावर पुन्हा खडा. मी चिडवलं की वाटेवरचे सगळे खडे तुझ्याच वहाणेला कसे भेटतात. तू हसलीस, पण तुझ्या ओठांवर घाम होता आणि हात छातीशी नाही, जबड्याशी होता. दाढ ठणकते म्हणालीस. देवळात गुरवाने देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या आणि तुझ्या घोवाचं गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी पडली, देवाने हो म्हटलं. तू डोळे पुसलेस, नारळ दिलास, आणि उतरताना गाणं गुणगुणत होतीस. देवाला आपल्याबद्दलही काही विचारावं, हे तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. बाबांचं रक्त तीन ठिकाणी तपासून झालं होतं. तुझं एकदाही नाही.

पुढच्या चैत्रात तू गेलीस. दुपारी बाबांचं ताट झालं, तू स्वतःचं वाढून घेतलंस आणि दोन घासांवर उठलीस. पित्त झालंय म्हणालीस. मी ओवा आणि गरम पाणी दिलं. पडवीत चटई घालून डाव्या कुशीवर निजलीस आणि मला म्हणालीस, "ह्येंच्या चायेक साखर कमी घाल." चहा करून मी बाहेर आले तेव्हा तू नव्हतीस. बाबांचा चहा माझ्या हातात तसाच होता, आणि आजही कुणी मला आई कशी गेली विचारलं की पहिल्यांदा तो कप आठवतो.

तुझ्या मागे बाबा खूप वर्षं जगले. शेजारीपाजारी बोलायचं ते बोलले, की नवऱ्याचं पिवळं खाऊन बाई गेली. बाबांनी ते मनाला लावून घेतलं. अंडं त्यांनी पुन्हा तोंडात घातलं नाही, पांढरंसुद्धा नाही. कधीतरी संध्याकाळी खळ्यात बसून एकटेच बोलायचे, "माझ्या वाटणीचा मराण तिणा खाल्ल्यान." मी समजूत घालायला जायची, पण मनातून मलाही तेच वाटायचं. त्यांचा राग यायचा, मग माझाच मला राग यायचा. शेवटच्या आजारपणातही त्यांचं हेच चाललेलं होतं, आणि तेच मनात घेऊन ते गेले.

आता डॉक्टरीणबाईंचं सांगते. मी गेले होते चष्म्याला. डोळे तपासणाऱ्याने माझ्या पापण्यांच्या कोपऱ्यातले पिवळट डाग पाहिले आणि म्हणाला, आधी रक्त तपासा. तुझे डाग आठवतात का तुला? नाकाच्या दोन्ही बाजूंना, सायीचा ठिपका पडावा तसे. लहानपणी मी ते बोटाने दाबून बघायची. खालच्या आळीतली म्हातारी म्हणायची, "हिच्या डोळ्यांर हळद उतरली हा. ही सवाशीण जातली बघ." आणि तू खूश होऊन तिला म्हणायचीस, "तुझ्या तोंडात साखर पडांदे." मी हे सगळं बाईंना सांगितलं. त्या कागद बघता बघता थांबल्या. दवाखान्यातली मराठी बाजूला ठेवून म्हणाल्या, "मावशी, ती हळद न्हय. ती रक्तातली चरबी. तुमच्या आवशीकडसून इली हा."

मग त्यांनी मला समजावलं, जसं मुलांना समजावतात तसं. कोलेस्टेरॉल बहुतेक आपलं यकृतच बनवतं, ते शरीराला लागतंही. अंड्यातून, सुंगटांतून येतं त्याने बहुतेकांच्या रक्तात थोडाच फरक पडतो. तळण, डालडा, बिडी, वाढलेला दाब हे जास्त नडतं. नारळही जरा हात राखूनच. पण काही घराण्यांत जन्मापासूनच रक्तातली वाईट चरबी साफ होत नाही, ती साठत राहते. माणूस सडपातळ असो, दिवसभर राबणारं असो, तरी साठते. खाणं सांभाळावंच लागतं, पण नुसत्या खाण्याने भागत नाही, गोळी लागते. मी विचारलं, मग पिवळ्या बलकाने गेली नाही ती? त्या म्हणाल्या, "त्याने भलं केलं असं मी म्हणणार नाही. पण एका वर्षाच्या बलकाने असं होत नाही, मावशी. हे तिच्यात आधीपासून होतं. कुणीतरी एकदा रक्त बघायला हवं होतं."

एसटीत बसले आणि रडायला आलं. आधी वाटलं, सुटलो. बाबा सुटले, तू सुटलीस, तो चुलीपुढचा पिवळा गोळा सुटला. मिठबावचा फाटा येईपर्यंत कळलं की हे ज्याने ऐकायला हवं होतं तो माणूस राहिलेला नाही. इतकी वर्षं बाबा एका अंड्याचं पाप वाहत होते, आणि आम्ही सगळे तुझ्या ताटाकडे बोट दाखवत होतो, तुझ्या तोंडावरचे दोन पिवळे ठिपके मात्र रोज बघूनही कुणाला कळले नाहीत. आणि तुझाही राग आला, आये. खडा गेला, दाढ ठणकते, पित्त झालं. एकदा तरी म्हणायचं होतंस की माझ्याने चढवत नाही. मी तुला पाठीवर घेतलं असतं.

बाईंनी सांगितलं म्हणून लेकीने पुण्यात रक्त तपासून घेतलं. तिचंही वाढलेलं निघालं. ती शहाणी, त्याच दिवशी गोळी सुरू केली. रोज रात्री फोन करते आणि पहिला प्रश्न विचारते, घेतलीस का? मी हो म्हणते. तिला माझ्यासाठी भीती वाटते, मला कळतं. आपल्याला कुणासाठी भीती वाटते ते लपवायचं वळण तिला माझ्याकडून लागलं नाही, हे बरं झालं.

आज रात्री घेईन बहुतेक. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून तेवढं एक खरं सांगून ठेवते. तू गेलीस तेव्हा त्रेपन्न वर्षांची होतीस. नारळी पौर्णिमेनंतर मला चौपन्नावं लागेल. गोळी लागू पडली तर मी तुझ्याहून म्हातारी होईन, आणि त्यापुढचं कसं जगायचं ते तू मला करून दाखवलेलं नाहीस.