आमच्या स्वयंपाकघरातली हवा

९ डिसेंबर १९९६, नगर
पुन्हा तेच उत्तर! कॉम्प्युटरच्या मते आमच्या शिंगणापूरच्या स्वयंपाकघरात धूर साचतच नाही. चुलीवरून उठतो, छताला लागतो, चौकटीतून पुढच्या खोलीत आणि तिथून बाहेर. गावात घरांना दारंच नाहीत, वाट मोकळी.

मग डॉक्टर कशावरून म्हणाले, चुलीच्या धुरानं छाती गेली म्हणून? आईला जाऊन चार महिने झाले. मला एवढंच कळायला हवंय — ती बसायची तिथे धूर किती होता. बाकी प्रोजेक्टचं, एम.ई.चं काही वाटत नाही.

१३ डिसेंबर
हवा गिरक्या घेते तिथे नेमकं गणित सुटत नाही, अंदाजाचं सूत्र बसवावं लागतं. तेच टर्ब्युलन्स मॉडेल. मी के-एप्सिलॉन घेतलंय. ते हवा फार घुसळतं, धूर उगाच पातळ करतं असं वाचलं. चूक तिथेच असणार.

१४ डिसेंबर
जेवले. काय ते आठवत नाही.

२० डिसेंबर
दुसरं मॉडेल लावलं, तिसरं लावलं. आकडे जरा हलले, धूर बाहेरच. बोरुडे सर म्हणाले, "जयमाला, सगळे के-एप्सिलॉनच वापरतात. लिहून टाक आणि मोकळी हो." मी रडत नाही, हे त्यांना चांगलं लक्षण वाटतं.

५ जानेवारी १९९७, शिंगणापूर
धूर मोजायला घरी आले. आई गेल्यापासून दादा गॅसवरच करतात. मी सांगितलं म्हणून चूल पेटवली — आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला गुंडाळून बांधलेलं गोणपाट खाली सोडलं. म्हटलं, हे कशाला? "तुझी आई सोडायची. चूल पेटली की पयलं ते."

मी समजत होते, कुत्रं आत येऊ नये म्हणून असतं. दार नाही, म्हणून आकृतीत नुसती रिकामी चौकट काढली होती.

८ जानेवारी, नगर
चौकट बंद धरून कॉम्प्युटरवर पुन्हा रन लावले. तिन्ही मॉडेलांचं एकच उत्तर. आई बसायची तिथे धूर हलत नाही. पुढच्या खोलीत जवळजवळ शून्य.

१२ जानेवारी, शिंगणापूर
पुन्हा घरी. आई गोणपाट का सोडायची, दादांना विचारलं. चहा गाळता गाळता म्हणाले, "तू आब्यासाला बसायची न्हाई का पुढल्या खोलीत."