पाकिटातली वाळू

मंगळवार, संध्याकाळ

ह्यांचं पत्र आलं. तिकडे वाळवंटात, सोन्याच्या खाणीवर, फोन लागत नाही. म्हणून सुट्टीवर येणाऱ्याच्या हाती पत्र धाडतात. आज त्यांचा रावेतचा सोबती चाकणला येऊन देऊन गेला. घडी उघडली तर फरशीवर वाळू सांडली. मी फडकं घेतलं, तशा सासूबाई ओरडल्या, "झटकू नगंस गं! सोन्याच्या खाणीतली हाय, काय सांगावं!" चिमटीनं वेचून तुळशीत टाकली.

पत्रात डंपरची दुरुस्ती, ऊन, डाळभात. शेवटी मात्र, 'अजून दोन वर्षं थांबा म्हणतात. तू सांगशील तसं.'

मी सांगेन तसं? जाताना विचारलं होतं का? असो, आता विचारलंय तर सांगणारच. कंपनीत माझी नोकरी पक्की झालीय, घर नीट चाललंय. अजून दोन वर्षं काय वाळू वेचत बसायची?

उत्तर लिहायला बसले, तर ते रजेच्या अर्जासारखं व्हायला लागलं. सासूबाईंना विचारलं, काय लिहू?

तुळशीकडे बघत म्हणाल्या, "लिही, आता वाळू पाकिटातनं नगं. पायताणाला लागून येऊ दे."

तेवढंच लिहिलं. खाली दोघींची नावं.