पहिल्या नंबरवर बायोमेडिकल

बाबा, आधीच सांगून ठेवते, मी हे माफी मागायला लिहीत नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यातल्या मशिनी सांभाळते. आज सकाळी डायलिसिसची एक मशीन मधेच बंद पडली. पेशंटला शेजारच्या मशीनवर घेतलं आणि डॉक्टर माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले, लवकर उघडा म्हणून. मी म्हटलं, थांबा. आधी सगळी सेटिंग कागदावर उतरवून घेतली, मगच पेचकस हातात धरला. ते चिडले. चिडोत बापडे.

ही सवय कुठली ते तुम्हाला ठाऊक आहे. मी नववीत होते, आणि काटोलच्या आपल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात एका संत्रेवाल्याचा जळालेला पंप आला होता. जळालेली तार फेकायच्या आधी तिचे वेढे मोजायचे असतात, नाहीतर नवी तार किती भरायची ते कळणार कसं. मला कुठला धीर. तुम्ही जेवायला गेलात तेवढ्यात मी छिन्नीने सगळी तार तोडून भंगारात टाकली आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिले. तुम्ही आलात, मोटरीत डोकावलात. "वेढे मोजले का वं?" मी छिन्नी खाली ठेवली. "जळालं तरी मोजमाप त्यातच रायते. तोडाच्या आधी पाह्यलं काहून नाही?" तिकडे बाग सुकत होती, तो माणूस रोज चकरा मारत होता, आणि तुम्ही अंदाजाने दोनदा तार भरून दोनदा काढलीत. तिसऱ्यांदा मोटर नीट फिरली. चूक कोणाची ते मात्र त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

बारावीनंतर मी बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं नाव काढलं तर तुम्ही हसलात. मला अजून दिसतं, तुम्ही मोरीशी बसून हात घासताय, साबण, राख, पुन्हा साबण, आणि व्हार्निशचा काळपटपणा काही नखांतून निघत नाहीये. "म्हंजे दवाखान्यातल्या मशिनी खोलनार? खोलाच्याच हायेत त दुकान हाये ना आपलं. पयल्या नंबरवर कॉम्प्युटर टाकजो. एसीत बसशीन, हात साफ रायतीन." आई मधे काही बोलायला गेली, तर तिलाही तुम्ही गप्प केलंत.

प्रवेशाच्या अर्जात आवडीचे पर्याय क्रमाने भरायचे होते. वरच्या पर्यायाला नंबर लागला की खालचे गेलेच. नेट कॅफेत तुम्ही शेजारी बसून कॉम्प्युटर पहिलं टाकून घेतलंत, बायोमेडिकल नववं. मग बाहेरून कोणीतरी पंपासाठी हाक मारली आणि तुम्ही उठलात. मी बायोमेडिकल उचलून पहिल्या जागी ठेवलं आणि अर्ज पक्का करून टाकला. आत आल्यावर तुम्ही विचारलंत, "पयले कॉम्प्युटरच हाये ना?" मी म्हटलं, हो.

यादी लागली, बायोमेडिकल मिळालं. तुम्हाला वाटलं माझे मार्क कमी पडले. मार्क भरपूर होते, बाबा, कॉम्प्युटर सहज मिळालं असतं. पण पानठेल्यावर तुम्ही प्रत्येकाला सांगत होतात, "पोरीचा नंबर थोडक्यात हुकला. पेपरच कठीन होता औंदा." आणि नागपूरच्या बसमध्ये बसवताना करंट तपासायचा तुमचा लाल चिकटपट्टी लावलेला मीटर माझ्या मांडीवर ठेवलात. "नाराज नोको होऊ. कामी पडन."

तुम्ही गेलात तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. आज हात माझेही काळे होतात आणि मला ते तसेच आवडतात. तो अर्ज उद्या पुन्हा समोर आला तरी पुन्हा हेच करीन. त्या वेळी मी वेढे नीट मोजले होते, मगच तार तोडली. कॉलेजात, नंतर दवाखान्यात, मी हा किस्सा मोठ्या तोऱ्यात सांगत आले की बापाचं न ऐकता मी माझं निवडलं. सगळे वा म्हणतात.

पण न ऐकणारी मुलगी तोंडावर सांगते. माझी तेवढी छाती नव्हती. तुम्ही माझ्यावर रागावण्यापेक्षा माझी कीव केलेली मला सोपी वाटली. हा कागद आता मीटरच्या पिशवीत घडी करून ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार. तो मीटर तुम्ही नंबर हुकलेल्या मुलीची समजूत घालायला दिला होतात. मी तो गुपचूप घेतला, वर रडल्यासारखं तोंडही केलं.