दादाची नवी चाचणी

ताई,

दादाला चहा दिलाय. दादासारख्या ऑटिझम असलेल्यांना काम देते म्हणून ज्या सॉफ्टवेअर कंपनीचं आपण एवढं कौतुक केलं, तिथे सकाळी धीर करून फोन केला. नोकरीआधीच्या म्हणून इतक्या चाचण्या झाल्या, आता पोराच्या नोकरीचं काय, एवढंच विचारलं. साहेब हसले. "काका, त्याला मजा येते ना? मग चालू द्या की. आमच्या प्रोग्रॅममधल्या चुका तो फुकटात शोधून देतो, पगार कशाला सुरू करू?"

मी "आभारी आहे" म्हणून फोन ठेवला.

आज नवी चाचणी आलीय. इस्त्रीचा शर्ट घालून तो केव्हाचा कॉम्प्युटरपुढे बसलाय. मी वाचनालयात जातो. नोकरी नाही, हे त्याला तूच सांग. माझ्या तोंडून "नीट कर हं" एवढंच निघालं.

बाबा